निपाणीहून दिल्लीच्या आर्ट फेअरला जायचं म्हणतोय, आपल्यासारख्यानं तिथं बघायचं काय?

निपाणीचे_ड्रॉइंगसर

नमस्कार मंडळी. मी निपाणीजवळच्या एका मराठी हायस्कूलला ड्रॉइंग शिकवतो, स्वतः वॉटरकलर करतो, जास्त करून लँडस्केप. फेब्रुवारीत दिल्लीत इंडिया आर्ट फेअर भरतं, तिथं एकदा तरी जाऊन यायचं असं लई वर्षं डोक्यात आहे आणि यंदा सोबत पण मिळालीय, बेळगावचा दोस्त आहे मूर्तिकार, गणपतीचा सीझन सोडला तर त्याला सवड असते, म्हणाला चल जाऊया.

शंका अशी आहे की आम्ही दोघंही काही विकत घेणाऱ्यातले नाही. इन्स्टावर फोटो बघतो तर तिथं सगळे भारी साड्या, लिननचे कोट घालून हातात ग्लास धरून उभे असतात. तिकीट काढून आत गेलो तरी गॅलरीवाले आमच्याशी बोलतील का, का नुसतं भिंतीकडं बघून परत यायचं? इंग्रजी समजतं पण फाडफाड येत नाही. दुसरं म्हणजे आमचा सगळा हात रिअलिस्टिकवर बसलेला, पोर्ट्रेट, फिगर, निसर्गचित्र. तिथली बरीच कामं म्हणजे इन्स्टॉलेशन (जागेत वस्तू मांडून केलेलं काम), व्हिडिओ, दोरे लोंबकळतायत, कोळसा ओतलाय. त्यातलं आपल्याला काय मिळणार?

मुंबईत पण आता आर्ट मुंबई सुरू झालंय, ते सोयीचं पडेल का? बायको म्हणते दुसऱ्यांची कोटीची चित्रं बघायला आपले पंधरा-वीस हजार कशाला घालवायचे. यावर माझ्याकडं उत्तर नाही, कुणाकडं असेल तर द्या.

टिळकवाडीकर

सर जावा, बिनधास्त जावा. मी जाऊन आलोय, मुलगा दिल्लीला नोकरीला होता तेव्हा.

पहिलं डोक्यात पक्कं करा की हा बाजार आहे. आपण वरेरकर नाट्य संघातल्या के. बी. कुलकर्णी कलादालनात प्रदर्शन बघायला जातो तसं डोकं ठेवून गेलात तर गोंधळ उडणार. प्रदर्शनात कुणीतरी विचार करून चित्रं निवडलेली असतात, क्रम लावलेला असतो. फेअरला प्रत्येक गॅलरी जागेचं भाडं भरून स्टॉल घेते, ते बूथ म्हणतात, आणि त्या बूथमध्ये जे खपेल असं त्यांना वाटतं ते लावते. म्हणून एका भिंतीवर १९६० सालचं मोठ्या चित्रकाराचं काम आणि त्याला लागून काल कॉलेजातनं बाहेर पडलेल्या पोराचं काम, असं दिसतं. त्यात अर्थ शोधत बसू नका, अर्थ नसतो, भाड्याचा हिशोब असतो.

हे फेअर २००८ ला सुरू झालं तेव्हा नाव इंडिया आर्ट समिट होतं, प्रगती मैदानावर भरायचं. २०१२ पासनं आताचं नाव आणि जागा ओखल्याचं एनएसआयसी ग्राउंड. मोठे पांढरे तंबू टाकतात आणि बाहेरची दर्शनी भिंत दरवर्षी एका आर्टिस्टला रंगवायला देतात, २०२४ ला मुंबईच्या समीर कुलावूरनं केली होती. १२० च्या वर स्टॉल असतात अलीकडं. चार दिवस, गुरुवार ते रविवार, पण गुरुवार निमंत्रितांचा असतो आणि खरी खरेदी त्याच दिवशी उरकते. शुक्रवारी पण आधी त्यांचीच माणसं, सामान्य तिकीटवाल्याला दुपारनंतर. म्हणजे तुम्ही जाल तेव्हा बूथवाले निम्मे निवांत झालेले असतात, हे आपल्या फायद्याचं. शनिवारी दार उघडताना आत शिरा. रविवारी दुपारनंतर दिल्लीतली सगळी जनता सेल्फीला येते, चित्रासमोर उभं राहायला मिळत नाही.

कपड्याचं म्हणाल तर स्वेटर घ्या, थंडी असते. बाकी कोण बघत नाही. सगळ्यात मळकट जीन्सवाला माणूस बहुतेक आर्टिस्ट निघतो आणि कोटवाला त्याला गिऱ्हाईक.

बोलतील का म्हणून विचारलंत. काहीजण बोलतात, काहीजण नाही बोलत. एका मोठ्या गॅलरीच्या स्टॉलवर मी किंमत विचारली तर पोरगीनं आधी माझ्या बुटाकडं बघितलं मग माझ्याकडं, आणि म्हणाली लिस्ट आत्ता नाही. शेजारच्या लहान गॅलरीवाल्यानं खुर्ची दिली आणि अर्धा तास बोलला, हिंदीत. लहान शहरातल्या गॅलऱ्या, नवीन गॅलऱ्या, त्यांच्याकडं आधी जावा.

खानापूरची

सर नमस्कार, मी कोल्हापूरला आर्टचं शिक्षण केलंय, आता गोव्यात असते. टिळकवाडीकर काकांनी बाजाराचं बरोबर सांगितलं, मी बघायचं कसं त्याबद्दल लिहिते.

मोबाईल खिशात ठेवा आणि पहिली चक्कर नुसती मारा, कुठंही थांबायचं नाही. सगळं मिळून हजारभर कामं असतात, प्रत्येकासमोर थांबलात तर दुपारपर्यंत डोकं बधिर होतं आणि मग चांगलं चित्र पुढ्यात आलं तरी दिसत नाही. पहिल्या चकरेत पाय आपोआप कुठं अडखळले ते वहीत लिहा, मग जेवून परत फक्त त्या ठिकाणी जा. जेवण आतलं महाग आहे, दशम्या-चटणी नेलीत तर बाहेर बसून खा.

तुम्ही वॉटरकलरवाले आहात म्हणून सांगते, जुन्या माणसांची कामं विकणाऱ्या गॅलऱ्यांच्या बूथवर वासुदेव गायतोंड्यांचं काही दिसलं तर सोडू नका. नागपूरला जन्म, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, २०१४ ला न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. पुस्तकात ते चित्र म्हणजे नुसता पिवळा नाहीतर हिरवट पट्टा दिसतो आणि आपण पान उलटतो. समोर उभं राहिलं की कळतं काय आहे ते. समोरनं बघा, मग अगदी बाजूला जाऊन कॅनव्हासच्या कडेला गाल लावल्यासारखं तिरकं बघा (गाल लावू नका, गार्ड ओरडतो). रोलरनं रंग फिरवलाय, पॅलेट नाइफनं खरवडलाय, कागद चिकटवून ओला रंग उचलून काढलाय, असे थरावर थर, आणि खालचा थर वरच्यातनं उजळतो. तुम्ही वॉश (पातळ रंगाचा हात) देताना कागदाचा पांढरा राखता ना, तीच गोष्ट तो माणूस तेलरंगात करतोय. हे छापील चित्रात कधीच दिसत नाही, त्यासाठीच जायचं.

आणि रिअलिस्टिकचा न्यूनगंड अजिबात नको. आपल्या सीमाभागाला त्याची मोठी परंपरा आहे. रवी परांजपे बेळगावात जन्मलेले, के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली शिकलेले. आणि म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधली हळदणकरांची दिवा घेतलेली बाई, ती वॉटरकलर आहे हे अजून निम्म्या लोकांना पटत नाही, वर रविवर्म्याचं चित्र म्हणून फॉरवर्ड करतात. ज्यानं तसलं काम हातानं करून बघितलंय त्याला इन्स्टॉलेशनमधली चांगली कारागिरी आणि वरवरची कारागिरी यातला फरक लगेच दिसतो. क्रिटिकला तो दिसत नाही कधी कधी.

दोरे आणि कोळशावरनं आठवलं. दोरे म्हणालात तर आपल्याच कर्नाटकातल्या शीला गौडा, भद्रावतीच्या. सुईत दोरा ओवून ओवून लांबच लांब जुडी केली आणि कुंकवानं माखली, लाल दोर जमिनीवर भिंतीवर पसरलाय आणि टोकाला सुयांचा झुपका. शेण पण वापरलंय त्यांनी. आपल्या घरात शेण, कुंकू, सुई कुणाच्या हातात असतं हे आपल्याला सांगायला लागत नाही, बाहेरच्याला शंभर ओळींची पाटी लागते. आणि कोळसा म्हणजे प्रभाकर पाचपुते, चंद्रपूरकडचा, घरची माणसं कोळसा खाणीत कामाला, म्हणून तो कोळशानंच भिंतीएवढी चित्रं काढतो. हे एवढं माहीत असलं तरी पुढचं चित्र तुम्हीच वाचाल. यांचं काम दरवर्षी असतंच असं नाही, पण कुठं नाव दिसलं तर थांबा.

चोर्ला_रायडर

सर राग मानू नका पण दिल्लीला कशाला जाऊलात? श्रीमंताच्या लग्नात मांडवाबाहेर उभं राहून जेवणाचा वास घ्यायचा धंदा आहे तो. डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी कला महोत्सव असतंय की, २०१६ पासनं चालू हाय, एन्ट्री फुकट, फक्त नाव नोंदवायचं. सकाळी बेळगावातनं बाइक काढली, चोर्ला घाटातनं खाली उतरलं की दुपारच्या आत पणजी. जुनं मेडिकल कॉलेज, सेक्रेटरिएट सगळीकडं मांडलेलं असतंय, नदीकाठी बसून संध्याकाळी गाणं ऐकायचं. शाळेतली पोरं पण नेता येत्यात, दिल्लीला नेणार काय? आणि कोची बिनाले हाय, केरळातलं मोठं कलाप्रदर्शन, तिथं पण विकाविकीची भानगड नाही, आर्टिस्ट लोकांनीच २०१२ ला सुरू केलंय.

कोटीची चित्रं बघून पोरांना काय सांगणार, बाळांनो असं काढा मग कोटी मिळतंय? मिळत नाही की. चित्रकाराला कुठं मिळतंय ते.

टिळकवाडीकर

रायडर भावा, पणजीचं शंभर टक्के बरोबर, पोरांना घेऊन पणजीलाच जावं, आणि बायकोला पण. पण सर चित्रकार आहेत, त्यांनी बाजार बघायला हवा. शेतकऱ्याच्या पोरानं एकदा तरी मार्केट यार्डात सौदा कसा होतो ते बघितलेलं असतं, आमच्या ड्रॉइंगवाल्यांना चित्राचा सौदा कसा होतो हे आयुष्यभर कळत नाही. तुझ्या शेवटच्या वाक्याबद्दल तर मला लिहायचंच आहे.

पंढरपूरचे चित्रकार एम. एफ. हुसेन. सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरलेला माणूस. त्यांचं १९५४ चं ग्राम यात्रा नावाचं लांबलचक चित्र, खेड्यातल्या आयुष्याचे तेरा तुकडे त्यात आहेत, ते तेव्हा भारतात आलेल्या एका डॉक्टरनं घेतलं आणि नॉर्वेला नेलं, पुढं ओस्लोच्या हॉस्पिटलला देऊन टाकलं. कित्येक वर्षं तिथं भिंतीवर होतं. २०२५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला लिलाव झाला, ११८ कोटी. पैसे हॉस्पिटलला, डॉक्टरांच्या ट्रेनिंगसाठी. हुसेन २०११ लाच गेले. २०२५ च्याच सप्टेंबरमध्ये गायतोंड्यांचं १९७० चं एक चित्र दिल्लीत ६७ कोटी ८ लाखाला गेलं. तेही २००१ लाच गेलेले.

याला सेकंडरी मार्केट म्हणतात, एकदा विकलेलं चित्र परत परत विकायचं, चित्रकाराचा संबंध संपलेला. फेअरमध्ये दोन्ही असतं. ज्या बूथवर जिवंत आर्टिस्टचं नवं काम आहे तिथला पैसा गॅलरी आणि आर्टिस्ट वाटून घेतात, साधारण निम्मं निम्मं. ऐकून सगळे चिडतात, पण भाडं, फ्रेम, ट्रान्सपोर्ट, कॅटलॉग गॅलरीच्या डोक्यावर असतं. ज्या बूथवर जुनी नावं आहेत तो बहुतेक दुसरा बाजार.

आणि आपल्या कॉपीराइट कायद्यात ५३ अ म्हणून कलम आहे, मूळ चित्र परत विकलं आणि किंमत दहा हजाराच्या वर गेली तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसाला त्यातला वाटा, जास्तीत जास्त दहा टक्के. कागदावर आहे. कोण मागतंय आणि कोण देतंय. सर, पोरांना हे सांगा की, ग्रेड परीक्षेच्या पुस्तकात हे नसतं.

चोर्ला_रायडर

११८ कोटी हॉस्पिटलला गेले हे मला माहीत नव्हतं काका. बरं झालं की मग.
तरी पण पणजी.

अनगोळकर_पोरगा

मी मुंबईत असतो, आर्ट मुंबई बघितलंय, त्याबद्दल लिहितो. २०२३ ला नोव्हेंबरात पहिल्यांदा झालं, महालक्ष्मी रेसकोर्सवर, तेव्हा पन्नासच्या वर गॅलऱ्या होत्या, नंतर वाढल्या. तेही तंबूच, पण मोकळं आहे, मागं हिरवळ दिसते आणि चालत बाहेर आलं की महालक्ष्मी स्टेशन. निपाणीहून रात्रीच्या बसला बसलं की सकाळी मुंबई, खर्च दिल्लीच्या निम्म्यात. भाषेचा प्रश्न नाही, म्हणजे बूथवर इंग्रजीच असतं पण चित्रं टांगणारी, पॅकिंग करणारी माणसं सगळी मराठी आहेत आणि त्यांना चित्रातलं गॅलरीवाल्यापेक्षा जास्त माहीत असतं. कुठलं चित्र कधी उतरवलं, कुणाचं मागं बुरशी लागली होती, कुणाची फ्रेम तीनदा बदलली, सगळं सांगतात, चहा पाजा फक्त.

पण मुंबईला जाण्याचं माझ्या मते मोठं कारण म्हणजे फेअर झाल्यावर काळा घोड्याला जाता येतं. तिथली जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासनं आहे, एन्ट्री फुकट, आणि तिथं चित्रकार स्वतः चित्राशेजारी खुर्ची टाकून बसलेला असतो. सांगली, कोल्हापूर, बेळगाव, कुठनं कुठनं आलेला. वर्षानुवर्षं नंबर लावून एक आठवडा मिळालेला असतो त्याला. फेअरला तुम्ही किंमत विचारता, जहांगीरला तुम्ही कागद कुठला वापरला ते विचारता. समोरच एनजीएमए (नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट, आधुनिक कलेचं सरकारी म्युझियम) आहे, त्याला तिकीट आहे पण थोडं.

सर आधी मुंबई करा, मग दिल्ली. मुंबईत बघून डोळा तयार होतो.

खानापूरची

अनगोळकर दादाचा जहांगीरचा मुद्दा एकदम पटला. पण एक सांगू का, पैसे एकदाच घालायचे असतील तर मी दिल्लीच म्हणेन, कारण तिथं फेअरच्या जोडीला म्युझियम भारी आहेत. इंडिया गेटजवळ जयपूर हाउसमध्ये एनजीएमए, अमृता शेरगिलची एवढी चित्रं एका जागी दुसरीकडं नाहीत. साकेतला किरण नाडर म्युझियम, फुकट. लोधी कॉलनीत सरकारी क्वार्टर्सच्या भिंती रंगवल्यात, भिंतीएवढं काम कसं आखतात ते बघायला तिथं सकाळी उन्हं यायच्या आत जा.

फक्त एक लक्षात ठेवा, म्युझियमं सोमवारी बंद. फेअर रविवारी संपतं आणि सगळे म्हणतात सोमवारी म्युझियम करू आणि दाराला कुलूप बघून येतात. शुक्रवारी सकाळी म्युझियम, दुपारनंतर फेअर, असं जमवा.

शहापूर_पेठ

विषयाला सोडून आहे पण विचारते. आमच्या शहापूरच्या जुन्या घरात आजेसासूबाईंच्या वेळचं सरस्वतीचं चित्र आहे, रविवर्म्याचं, साडीवर जरीचं आणि टिकल्यांचं काम केलेलं, काचेच्या फ्रेममध्ये. मध्ये एक गृहस्थ आले, म्हणाले जुनं आहे, पाच हजार देतो. आमचे मिस्टर म्हणाले दिल्लीला असल्या फेअरमध्ये लाखानं जाईल. सर चाललेत तर त्यांच्याबरोबर फोटो पाठवला तर कुणी घेईल का? आणि हे परदेशात वगैरे विकता येत नाही असं पण ऐकलं.

टिळकवाडीकर

अक्का, गडबड करू नका, पाच हजाराला तर मुळीच देऊ नका, पण लाखाची स्वप्नं पण नकोत.

तुमच्याकडं आहे ती ओलिओग्राफ, म्हणजे छापील प्रत. रविवर्म्यानं १८९४ ला छापखाना काढला, आधी घाटकोपरला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला, आणि तिथनं देवदेवतांच्या हजारो प्रती घराघरात गेल्या. आपल्या आज्यांनी त्यावर हातानं जर लावली, ते काम त्या घरातल्या बाईचं. चित्राच्या खालच्या कडेला छापखान्याचं नाव बारीक अक्षरात असतं, फ्रेमच्या आत दडलेलं असेल. ते असलं, कागद कापलेला नसला, जर शाबूत असली तर किंमत बरी येते. परदेशात न्यायला बंदी आहे ती रविवर्म्यानं स्वतः रंगवलेल्या मूळ चित्रांना, त्यांना राष्ट्रीय कलानिधी धरलंय, छापील प्रतीची गोष्ट वेगळी. तरी जुनी वस्तू म्हणून कागदपत्रं बघावी लागतात.

फेअरमधले बूथवाले असं दारावर आलेलं घेत नाहीत, ते विकायला बसलेले असतात. लिलाववाल्या संस्था फोटोवरनं अंदाज देतात, मोठ्या असतील तर फी घेत नाहीत, दोघा-तिघांना विचारा. तोवर ओल्या फडक्यानं पुसू नका, काच आणि कागद एकमेकाला चिकटलेत असं वाटलं तर उचकटू नका, आणि देवघरातल्या समईच्या वर टांगलेलं असेल तर आजच हलवा, काजळी बसते.

शहापूर_पेठ

समईच्या वरच आहे 🙈 आजच हलवते. धन्यवाद काका.

निपाणीचे_ड्रॉइंगसर

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. खानापूरच्या ताईंचं ते कडेनं तिरकं बघायचं वाचून माझ्या कपाटातलीच चित्रं काढून तसं बघितली, माझा वॉश कुठं कुठं मेलाय ते आत्ता दिसलं.

आम्ही दिल्लीच पक्कं केलंय आणि पोरांना घेऊन डिसेंबरात पणजी, रायडर भाऊ खूश. निपाणीला रेल्वे नाही म्हणून बेळगावातनं गोवा एक्सप्रेस धरायची, ती थेट हजरत निजामुद्दीनला सोडते, दोन रात्री गाडीत. तिथनं ओखला लांब नाही असं दिसतंय. राहायचं कुठं हा प्रश्न आहे. दोस्त म्हणतो महाराष्ट्र सदनात बघूया, मी म्हणतो आपला पत्ता कर्नाटकाचा, तर म्हणतो कर्नाटक भवनात बघूया, तर तिथं आपण बोलणार मराठीत.

अजून दोन गोष्टी. दोस्त मूर्तिकार असल्यामुळं त्याला चित्रात एवढा रस नाही, त्याच्यासाठी काय? आणि काही लहानसं घ्यायचं झालंच, म्हणजे बायकोला दाखवायला की बघ रिकाम्या हातानं नाही आलो, तर घेता येण्यासारखं काही असतं का?

अनगोळकर_पोरगा

😂😂 सर, आपण सीमाभागवाले. सदनात गेलात तर कर्नाटकचं आधारकार्ड बघून विचारात पडतील, भवनात गेलात तर कन्नडमध्ये विचारतील आणि तुम्ही निपाणी स्टाईल कन्नड बोलाल. दोन्हीकडं आमदार-खासदाराची चिठ्ठी लागतेच, म्हणजे एका राज्याचा आमदार आणि दुसऱ्या राज्याचं सदन असा खेळ करावा लागेल. पहाडगंजला लॉज बघा, नाहीतर गोविंदपुरी मेट्रोच्या आसपास, तिथनं ग्राउंड जवळ. मॅजेंटा लाइनवर ओखला एनएसआयसी नावाचंच स्टेशन आहे. जेवायला मात्र सदनाच्या कँटीनला एकदा जा.

खानापूरची

तुमच्या मूर्तिकार मित्राची तर मजा आहे सर. शिल्पाच्या बूथवर त्याला पुढं करा आणि तुम्ही मागं उभे राहा. बाकीचे लोक शिल्पाचा विषय काय म्हणून विचारतात, तो साच्याची शिवण शोधेल. ब्राँझ असो की फायबर, साचा दोन भागात जोडला की रेघ राहते, ती घासून कुठं लपवली, कुठं मुद्दाम ठेवली, हात धडाला नंतर जोडलाय का एकसंध ओतलाय, वरचा रंग ॲसिडनं भाजून आणलाय का नुसता फासलाय, हे शाडूत आणि प्लास्टरमध्ये आयुष्य घातलेल्या माणसाला बोट न लावता कळतं. त्यानं असला एक प्रश्न विचारला की बूथवरचा माणूस सरळ होऊन बसतो. मी बघितलंय हे, माझ्या एका मूर्तिकार मामाबरोबर. मामानं हिंदीत विचारलं, याचं आतलं सळीचं काम बांधून घेतलंय का वेल्डिंग आहे, आणि गॅलरीवाल्यानं थेट आर्टिस्टला फोन लावून दिला.

त्याला विचारायला सांगा, एडिशन किती. ब्राँझचं शिल्प एकच नसतं, एकाच साच्यातनं ठरावीक प्रती काढतात, त्यावर नंबर कोरतात, आणि ठरलेल्या झाल्या की पुढं ओतायचं नाही. आपल्याकडं एका साच्यातनं दोनशे गणपती निघतात आणि त्यात कुणाला काही वाटत नाही, तिथं सहाच काढतात म्हणून महाग. तुमचा मित्र यावर दिवसभर भांडेल त्यांच्याशी.

घ्यायचं म्हणाल तर प्रिंट बघा. एचिंग (धातूच्या पत्र्यावरनं छापलेलं), वुडकट (लाकडी ठशावरनं), सेरिग्राफ (जाळीतनं). खाली पेन्सिलीत ३/२५ असं लिहिलेलं असतं, म्हणजे पंचविसातली तिसरी प्रत, आणि उजवीकडं सही. ए.पी. लिहिलं असेल तर ती आर्टिस्टनं स्वतःसाठी काढलेली. सही छापलेली नको, पेन्सिलीची हवी, तिरकं धरलं की शिशाची चमक दिसते. लहान प्रिंट आपल्या आवाक्यात बसू शकते, आणि प्रिंट नाही जमली तर पुस्तकांचा स्टॉल असतो, बायकोला ते पण दाखवता येतं. जीएसटी मूळ कलाकृतींवर आधी बारा टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासनं पाच झालाय, बिल घेताना तेवढं बघा. आणि लाल टिकली लावलेली दिसली तर ते विकलं गेलंय, त्याची किंमत मात्र जरूर विचारा, विकलेल्या चित्राची किंमत सांगायला कुणाला संकोच वाटत नाही.

चोर्ला_रायडर

सर, साच्याची शिवण वाचून मला पण यायला पाहिजे वाटूलंय. तिसरं बर्थ काढता काय? मी खालचं बर्थ मागत नाही, साइड अप्पर चालतंय. येताना बेळगावचा कुंदा (खव्याची मिठाई) घेऊन येतो, त्या खुर्ची देणाऱ्या गॅलरीवाल्याला देऊया.

निपाणीचे_ड्रॉइंगसर

या की. नाव आणि वय मेसेज करा, बुकिंग उघडलं की लगेच काढतो, फेब्रुवारीत त्या गाडीला वेटिंग लागतंय. कुंदा दोन डबे घ्या, एक गाडीतच संपणार.